मुठीच्या पैशानं परदेश

हिशेब या शब्दाची मला शिसारी आहे. सारी उमर मास्तरकीत गेली, पोरांच्या पाठीत धपाटे घालून पाढे म्हणवून घेतले, आणि तरीही संध्याकाळी कुणी वही उघडून ‘आज किती गेले’ असं पुटपुटायला लागलं की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. माझ्या घरात खर्च लिहिला जात नाही. बायको सुरुवातीला भांडली, मग तिनं नाद सोडला. लोक मला उधळ्या म्हणतात. म्हणोत बापडे.

हे दुखणं मला एका प्रवासात जडलं. प्रवास परदेशाचा होता असं सांगितलं की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. त्याला विमान दिसतं. आमचा परदेश म्हणजे नेपाळ, आणि गेलो तेही थर्ड क्लासनं आणि पायी, पाठीवर खाकी पिशव्या बांधून.

बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. अकोल्यात आमची वस्ती जिनांच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांच्या, मागे होती. हंगामात कापसाचा भुसा उडून घरात यायचा, पाण्यावर साचायचा, वरणात सापडायचा. वस्तीतली निम्मी माणसं जिनात मजुरीला, उरलेली हमालीला, आणि माझ्यासारखे दोघे-तिघे शिकून मास्तर झालेले. एका रविवारी वंदना झाल्यावर कुणीतरी म्हणालं, आपण भगवंताचं नाव घेतो, पण त्याचा जन्म झाला ते ठिकाण आपल्यातल्या एकानंही पाहिलेलं नाही. लुंबिनी. कुठे आहे? नेपाळात. म्हणजे दुसऱ्या राज्यात. मग ठरलं की आमच्या वस्तीनं आणि अमरावतीच्या एका वस्तीनं मिळून तीन माणसं पाठवायची. त्यांनी जायचं, डोळे भरून पाहायचं आणि परत येऊन सगळ्यांना सांगायचं. ज्यांना कधीच जाता येणार नाही त्यांच्यासाठी आम्ही पाहायचं, असा तो साधा बेत होता.

पैशाचं काय, यावर पुरुषांनी तीन-चार बैठका घातल्या आणि बिड्यांची बंडलं संपवली. बायांनी बैठक न घेता मूठ सुरू केली. मूठ म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. सकाळी जात्यावर बसण्याआधी दळणातली एक मूठ ज्वारी बाजूला काढून ठेवायची. आठवड्याला दोघी-तिघी पोतं घेऊन घरोघर फिरायच्या, जमलेली ज्वारी विकायच्या. कुणाचं लग्न अडलं, कुणाची मयत झाली की ही मूठ निघायची. तिला एकच नियम होता. मुठीचा पैसा कुठे गेला ते सगळ्यांसमोर उभं राहून वाचून दाखवायचं. नियम चांगला होता, त्याच्याशी माझं भांडण नाही. ज्या घरात दुपारची भाकर संध्याकाळी अर्धी व्हायची त्या घरातली ती मूठ होती. पण चांगल्या नियमाचं माणसं काय करून ठेवतात ते मी पाहिलं, आणि तेच सांगतो आहे.

मूठ गोळा करणाऱ्यांत पुढे असायची ती आमची मावशी. माझी सख्खी नव्हे, अख्ख्या वस्तीची. नवरा कधीचाच गेला होता. लहानपणापासून जिनात, त्यामुळे दम लागलेला आणि आवाज घोगरा. पन्नाशी ओलांडली होती, पण डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन चालायला लागली की तिच्याबरोबर चालताना माझी दमछाक व्हायची. बायांनी सांगितलं, तिघांत आमची एक बाई जाईल, आणि ती मावशी जाईल. तेव्हा सभेत एक म्हातारा उठला.

“बाईमानूस आलं म्हंजे खर्च वाढला,” तो म्हणाला. “तिले चालवनार नाई, तिले गाडीघोडं लागन, तिले आडोसा लागन. दोघं मानसं जाऊ द्या, बास.”

दहा-पंधरा पुरुषांनी माना हलवल्या. मावशी उभी राहिली. तिनं पदर खोचला.

“माह्यामुळं एक पैसा जास्त लागला तं मले वाटंतून वापस पाठवजा,” ती म्हणाली. “ज्याचं नाव घेतो त्याचं गाव तं पाहू द्या एकडाव.”

असा तिनं भर सभेत शब्द दिला. मला त्या वेळी तिचा अभिमान वाटला होता.

दुसरा मी. तिसरे होते खजिनदार. हे अमरावतीचे. तिकडे कुठल्याशा कचेरीत अव्वल कारकून होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, काखेत छत्री, आणि तोंडात सदा एकच मंत्र, ‘समाजाचा पैसा’. माणूस चोर नव्हता, हे आधीच सांगतो. दमडीही खाल्ली नसेल. चोर असता तर बरं झालं असतं, चोराला एकदा धरता येतं. हा माणूस प्रामाणिक होता आणि आपल्या प्रामाणिकपणाचा वास दुसऱ्याच्या नाकात कोंबत होता. माझं अक्षर वळणदार म्हणून वही माझ्याकडे, पैसे त्यांच्याकडे.

उन्हाळा लागला. जिनं बंद झाली, शाळेला सुटी पडली, आणि आम्ही निघालो. खजिनदार बडनेऱ्याहूनच गाडीत बसून आले होते. अकोल्याला आम्ही चढलो तेव्हा प्लॅटफॉर्मवर सगळी वस्ती लोटली होती. बायांनी मावशीजवळ मेणबत्त्यांचा एक पुडा दिला. घरटी एक. तिथे लावायला. आयाबाया तिच्या पाया पडत होत्या आणि ती लाजून लाल झाली होती. गाडी हलली आणि खजिनदार पहिलं वाक्य बोलले ते असं:

“मास्तर, घ्या वही. लिवा नियम.”

रेल्वेची तिकिटं वेगळी. बाकी तिघांत मिळून रोजचे चार रुपये. चारातले उरले तर ते शिल्लकेत जाणार, दुसऱ्या दिवशी वापरता येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवे चार. आणि काही झालं तरी शिल्लकेला शिवायचं नाही. ‘शिवायचं नाही’ हा शब्द त्यांनी आमच्याच माणसांत बसून उच्चारला आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

पहिल्याच दिवशी मला कळलं की चार रुपये हा खर्चाचा आकडा नाही, तो हरवायचा शत्रू आहे. चारातले दोन वाचले की खजिनदारांच्या मुद्रेवर पोट भरल्याची कळा यायची. आमच्याजवळ घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. इटारसीपर्यंत ठीक चाललं. पुढे त्या उकाड्यात दशम्यांना हिरवी बुरशी चढली. मी त्या बाहेर फेकायला हात उचलला तर त्यांनी माझा हात धरला, खिशातला चाकू काढला, बुरशी खरवडली आणि ती खरवड डब्यात खाली पाडली. “आतून चांगल्या हायेत,” म्हणाले, आणि खाल्ल्या. आम्हालाही दिल्या. त्या आंबूस, ओलसर तुकड्याची चव अजून माझ्या टाळूला चिकटून आहे.

चहाचं तर विचारू नका. उत्तरेकडे स्टेशनावर मातीच्या कुल्हडात चहा मिळतो, पिऊन झाला की कुल्हड रुळांवर फेकायचा. खजिनदारांनी शोध लावला की आपला कुल्हड आपण नेला तर चहावाला थोडं कमी घेतो. मग काय, त्यांनी तीन कुल्हड पिशवीत बांधून घेतले. पुढल्या स्टेशनावर तेच, त्याच्या पुढे तेच. धुवायला पाणी कुठलं? ते आतून धोतराच्या सोग्यानं पुसत. दुसऱ्या दिवशी त्यातून आंबलेल्या दुधाचा असा भपकारा यायचा की मी चहा सोडला. माझा चहा वाचला, तो शिल्लकेत गेला. वहीत मी लिहिलं, ‘चहा, दोघांचा’. रात्री ते बेरीज तपासत. पेन्सिल जांभळी होती, जिभेवर ओली केली की गडद उठते ती. ते माझ्याच हातातली पेन्सिल घेत, जिभेवर घोळवत, बेरजेखाली रेघ मारत आणि तशीच लाळेची मला परत देत. त्यांची जीभ जांभळी झाली होती. सकाळी मी ती सदऱ्याला घासून पुसूनच हातात धरायचो.

इटारसीला गाडी बदलताना गर्दीत कुणाची तरी लोखंडी ट्रंक मावशीच्या पायावर पडली. ती ‘आई गं’सुद्धा म्हणाली नाही. पुढल्या गाडीत बसल्यावर मी पाहिलं तर पाऊल टम्म सुजलेलं, अंगठ्याचं नख काळंनिळं. अलाहाबादला उतरून दवाखाना पाहू म्हटलं तर खजिनदार बोलायच्या आधी तीच बोलली.

“काही नाई झालं गा. हयद लावतो. जिनात यापरीस जास्त लागते.”

“पाहा,” खजिनदार मला म्हणाले, “बाई असून समजते तिले.”

बनारस आलं. सारनाथ तिथून हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, पाहून जाऊ, एवढं आलोत. खजिनदार म्हणाले, “ते आपल्याच देशात हाय. केव्हाबी पाहू.” आणि गाडी बदलून आम्ही सरळ पुढे गेलो. केव्हाबी!

गोरखपूरला रात्र काढायची होती. एका धर्मशाळेच्या दारात गादीवर बसलेल्या माणसानं गाव विचारलं, मग जात विचारली. मी म्हटलं, बौद्ध. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आतल्या खोल्या रिकाम्या दिसत असताना बाहेरच्या पडवीकडे बोट केलं. पैसे मात्र खोलीचे सांगितले. माझ्या कानशिलांत रक्त चढलं. मी पिशवी पुन्हा पाठीवर घेतली, म्हटलं चला इथून, प्लॅटफॉर्मवर झोपू. आणि माझ्या मागून खजिनदारांचा हिंदीतला आवाज आला, “पडवी का आधा लो ना, सेठजी.” ते घासाघीस करत होते! जिथे थुंकून निघायचं तिथे हा माणूस निम्म्या दरात अपमान विकत घेत होता. सेठजीनं निम्मं घेतलं. रात्रभर डासांनी फोडून काढलं. मी झोपलो नाही. सकाळी खजिनदारांनी मला वहीत लिहायला लावलं, ‘धर्मशाळा, निम्मा दर’, आणि ‘निम्मा दर’ या शब्दांखाली रेघ मारायला लावली.

त्या पडवीतच मावशीनं मला विचारलं, “मास्तर, आपन किती वाचोले?”

मी आकडा सांगितला. ती खूश झाली. म्हणाली, “मंग कोनी म्हननार नाई, बाई नेली म्हून खर्च झाला.” तिचा पाय आता घोट्यापर्यंत सुजला होता. ती त्याच्याकडे पाहतही नव्हती.

नौतनव्याला रेल्वे संपते. रात्र तिथल्या प्लॅटफॉर्मवर काढून पहाटे चालायला लागलो. तिथून सरहद्द काही मैल, आणि सरहद्दीपुढे लुंबिनीपर्यंत दिवसभराची चाल. उन्हानं पांढरी झालेली कच्ची वाट, दोन्हीकडे कापून टाकलेली शेतं. सरहद्दीपर्यंत मावशी चालत आली. कशी आली ते तिलाच ठाऊक. माझ्या खांद्यावर हात टाकायची, चार पावलं टाकायची, थांबायची, आणि मी थांबलो की म्हणायची, “थांबू नोको गा, उशीर होते.” चौकीवरच्या शिपायानं आम्हाला काही विचारलं नाही. पलीकडे आंब्यांची दाट राई होती, तिच्याखाली चहाची टपरी आणि दोन-तीन बैलगाड्या सोडलेल्या. तिथे मावशी बसली आणि मग तिला उठता येईना.

एक गाडीवान आला. जाऊन येऊन पाच रुपये म्हणाला. मी खजिनदारांकडे पाहिलं. तेव्हा शिल्लकेत आठ-नऊ रुपये पडले होते. मी स्वतः ते लिहिले होते.

“आजचे चार संपत आले,” खजिनदार म्हणाले.

“शिल्लक आहे ना?”

“शिल्लकेले शिवाचं नाई, मास्तर. नियम तुमच्याच हातानं लिवला हाय.” मग त्यांनी गाडीवानाशी भाव सुरू केला. पाचाचे चार झाले, चाराचे साडेतीन झाले. मला वाटलं, आता ठरतंय. तेवढ्यात गाडीवान म्हणाला, सुटे पैसे परत देईन ते नेपाळी देईन. खजिनदारांनी हात झटकले. “दोन राज्यांचे पैसे एका वहीत कसे दाखवाचे? सभेत कोनी इचारलं तं? भानगड नोको.”

मी माझ्या बनियनला आईनं शिवून दिलेला कप्पा उसवला. दहाची नोट होती. म्हटलं, हे माझे आहेत, मुठीचे नाहीत. गाडी करा. खजिनदारांनी त्या नोटेकडे असं पाहिलं की जणू मी तिथे काही घाण केली आहे.

“वैयक्तिक पैसा सामाजिक कामात मिसयता येत नाई,” ते म्हणाले.

मी त्यांचा नाद सोडला आणि मावशीकडे वळलो. गाडीवानाला बोलावलं, तिला धरून उठवायला लागलो. तिनं माझा हात काढला.

“नोको, मास्तर.”

“काहून नोको? इथवर आलीस. आता एवढंच तर राहिलं.”

“तुह्या पैशानं बसलो तं म्हनतीन, मास्तरच्या जिवावर गेली. मुठीच्या पैशानं बसलो तं तिथं उभं राहून वाचतीन, ‘बाईले गाडी, साडेतीन रुपये’. अन् तो बुढा आईकन. मी शबूद देल्ला होता गा.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. “तुमी दोघं जा. मी बसतो इथं.”

मी अर्धा तास तिच्याशी हुज्जत घातली. रागावलो, हात जोडले, तुला मी उचलून गाडीत टाकीन म्हणालो. ती आंब्याच्या खोडाला पाठ लावून बसून राहिली. ज्या मुठीच्या पैशानं तिला न्यायचं, त्याच पैशाची तिला लाज वाटत होती. तिला लाज वाटायला लावणारा तिथे चहावाल्याशी आपल्या कुल्हडाचा भाव करत होता. माझ्या मनात त्या क्षणी आलं की ती छत्री घ्यावी आणि त्याच्या टाळक्यात घालावी. घातली नाही. ऊन चढत होतं, खजिनदार चालायलाही लागले होते. मावशीनं मेणबत्त्यांचा पुडा माझ्या हातात दिला. मेणबत्त्या उकाड्यानं वाकून एकमेकींना चिकटल्या होत्या.

“साऱ्या लाव,” ती म्हणाली. “एकबी ठेवू नोको.”

संध्याकाळी पोचलो. तिथे दगडी खांब आहे, पांढरं लहानसं देऊळ आहे, तळं आहे. एका रखवालदारानं आत सोडलं. त्याला काही द्यावं की नाही यावर खजिनदारांनी माझ्याशी बराच वेळ खल केला. मी मेणबत्त्या एकमेकींपासून सोडवून लावायला लागलो. निम्म्या लागल्या असतील, खजिनदारांनी माझं मनगट धरलं. म्हणाले, उरलेल्या आपल्या विहारात पुढल्या पौर्णिमेला चालतील, तेवढं विकत घेणं वाचेल. मी ओरडलो. त्या ठिकाणी, त्या शांततेत, मी बेंबीच्या देठापासून ओरडलो की या तुमच्या बापाच्या नाहीत, बायांच्या आहेत. दोन भिक्खू तिकडून पाहायला लागले. मग वारा सुटला आणि लागलेल्याही विझल्या. काडेपेटी संपली होती. नवी काडेपेटी घ्यायची की नाही, यावर पुन्हा वाद झाला. अंधार पडला. तिथल्या ओट्यावर आम्ही झोपलो. खजिनदारांनी माझ्याकडून दिवसाचा खर्च लिहून घेतला, पेन्सिल जिभेवर फिरवली, रेघ मारली. पहाटे, ऊन व्हायच्या आत, परत निघालो.

मावशी राईतच होती. चहावाल्याच्या बायकोनं तिला रात्री घरात घेतलं होतं, पायाला पाला बांधला होता, भात घातला होता. त्याचे पैसे त्या बाईनं घेतले नाहीत. खजिनदारांनी तिला अगदी मनापासून धन्यवाद दिले.

परतीच्या प्रवासात मावशीनं मला काही विचारलं नाही. मी मनाशी म्हटलं, घरी गेल्यावर विचारेल.

अकोल्याला सभा भरली. अमरावतीहूनही माणसं आली होती. अंगणात पेट्रोमॅक्स लावला, सतरंज्या टाकल्या, पुरुष एका बाजूला, बाया एका बाजूला. खजिनदार उभे राहिले आणि माझी वही हातात धरून वाचायला लागले. त्यांनी गाथा म्हणावी तसं वाचलं. चहा, दोघांचा. धर्मशाळा, निम्मा दर. निम्मा दर म्हणताना ते थांबले आणि सगळ्यांकडे पाहिलं. पान उलटताना बोट जिभेला लावत. शेवटी शिल्लक वाचली. एवढी मोठी शिल्लक मुठीच्या इतिहासात कधी राहिली नव्हती. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी सुचवलं की खजिनदारांचा हार घालून सत्कार करावा. हारासाठी पैसे शिल्लकेतूनच काढले, आणि त्याला कुणी हरकत घेतली नाही. नियम बहुतेक सरहद्दीवरच राहिला होता.

मग बायांतून एक तरुण सून मावशीला म्हणाली, “सांग नं वं मावशी, कसं हाय ते?”

“मी गेलो नाई,” मावशी म्हणाली.

खजिनदार घाईनं पुढे आले आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पाय कसा सुजला, गाडी कशी महाग होती, आणि समाजाचा पैसा वाचावा म्हणून या माउलीनं कसा आपला हट्ट सोडला. “त्याग म्हनतात तो हा!” ते म्हणाले. आणि टाळ्या पुन्हा सुरू झाल्या. पहिल्यापेक्षा मोठ्या. तो आधीच्या सभेतला म्हातारा तर उभा राहून वाजवत होता. माझं वय पुष्कळ झालं, घाण पुष्कळ पाहिली, पण त्या टाळ्यांइतकं ओंगळ मी काही ऐकलेलं नाही.

मावशी खांबाला धरून उठली.

“टाया नोका वाजवू,” ती म्हणाली. घोगरा आवाज, पण शेवटच्या सतरंजीपर्यंत गेला. “म्या काही तेग नाई केला. मले जाचं होतं. तुमी सारे आइकसान म्हून लाज वाटली, म्हून नाई गेलो. पोटात आग हाय माह्या.”

खजिनदार माझ्या कानाशी वाकले. त्यांच्या तोंडाला त्या पेन्सिलीचा वास होता. “मास्तर,” ते हळूच म्हणाले, “हे इतिवृत्तात घेऊ नोका.”

मी हातातली पेन्सिल त्यांच्या पायांशी टाकली आणि उठलो. मावशी लंगडत अंगणाबाहेर पडली होती. तिच्यामागे बाया उठल्या, एकेक करत बायांची सगळी बाजू रिकामी झाली. मागे पुरुषांनी खजिनदारांना हार घातला.

मावशी आपल्या दारात उंबऱ्यावर बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो. बाया भोवती उभ्या राहिल्या. मग मावशीनं तिकडून निघाल्यापासून पहिल्यांदा मला विचारलं.

“तू तं पाह्यलं नं, मास्तर. सांग मले. कसं हाय ते?”

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं. यासाठीच तर मला पाठवलं होतं. मी म्हटलं, खांब आहे. ती म्हणाली, केवढा हाय? मला आठवेना. म्हटलं, देऊळ आहे. आत काय हाय? आत अंधार होता, आणि आम्ही त्या वेळी काडेपेटीवरून भांडत होतो. तळ्यात पानी होतं का? झाडं कोनती होती? तिथं बसलं की कसं वाटते? मी डोळे मिटले, आणि मला काय दिसलं तर रखवालदाराला द्यायचे पैसे दिसले. काडेपेटीची किंमत दिसली. त्या दिवसाची बेरीज मला पैशापर्यंत पाठ होती, आजही आहे. बाकी काही नव्हतं. बाया वाट पाहत होत्या.

मावशीनं माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. रागावली नाही.

“म्हंजे,” ती म्हणाली, “तूबी नाई गेला.”